अभिलेख कक्षातील भाऊंचे आणि गुरुजींचे आभार

पीएच.डी.च्या राखीव जागेवर माझी निवड झाली होती. मात्र जात वैधता प्रमाणपत्राअभावी प्रवेश रद्द होण्याची वेळ आली होती. अनुसूचित जमातीच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे महत्त्व असते, आणि आमच्या भिल्ल कुटुंबात तेव्हा शाळेची पायरी कोणीच चढले नव्हते. अशा वेळी तहसील कचेरीतील अभिलेख कक्षाच्या भाऊंनी गाव नमुना १४ या गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची जीर्ण पाने हलक्या हाताने एकेक उलटत आजोबांच्या जन्माची मोडी नोंद शोधून काढली. एका निवृत्त गुरुजींनी तिचे देवनागरी लिप्यंतर करून दिले, मानधन घेतले नाहीच, उलट उन्हातून आलेल्या माझ्या वडिलांना आधी जेवायला बसवले. भिलीतील मौखिक गीतांवरचे माझे संशोधन आता सुरू झाले आहे. आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार.