पोटावरच्या इंजेक्शनाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, की कोरोनासाठी दवाखान्यात असलेल्या बाबांना मधुमेह नसताना रोज पोटावर इंजेक्शन देतात, तिथे काळेनिळे डाग पडले आहेत आणि आजपासून ते नको, असे बाबांनी सिस्टरांना सांगून टाकले आहे. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू त्यांना सावकाश वाचून दाखव.

ते इंजेक्शन इन्सुलिनचे नसून एनोक्सापॅरिनचे, म्हणजे हेपॅरिनच्या कुळातल्या औषधाचे आहे. कोरोनाचा त्रास फुप्फुसांपुरता राहत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढते, आणि त्यात ऑक्सिजन लावून दिवसभर पडून राहिल्यामुळे पायांतले रक्त संथ वाहू लागते. अशा वेळी पोटरीतल्या शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली, तर बरा होत आलेला माणूसही अचानक कोसळू शकतो. ते टाळण्यासाठीच हे इंजेक्शन. त्याला आपण ‘रक्त पातळ करण्याचे औषध’ म्हणतो खरे, पण त्याने रक्त पाण्यासारखे होत नाही. शरीरातच असलेल्या, गोठणे आवरणाऱ्या एका प्रथिनाला ते बळ देते, एवढेच.

डाग पडतात ते सुईच्या जागी त्वचेखाली थोडे रक्त साकळल्यामुळे. ती जागा चोळू नका, आणि रोज बाजू बदलून टोचायला सांगा. मात्र शौचाला काळे झाले, लघवी लाल दिसली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप वाढली, तर राउंडची वाट न पाहता सिस्टरांना लगेच सांगा.

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना दुप्पट डोस मिळतो, मग यांना कमी का, असे आईने विचारले होते. प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत साध्या वॉर्डातल्या रुग्णांना पूर्ण, म्हणजे गुठळी झाल्यावर देतात तेवढ्या, डोसचा थोडा फायदा दिसला: कृत्रिम श्वासासारख्या आधाराची गरज न पडता घरी जाणारे शंभरात 76 होते, ते 80 झाले, पण मोठा रक्तस्रावही शंभरात एकाच्या जागी दोघांना झाला. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना तर त्याचा उपयोगच झाला नाही. बाबांच्या अल्सरमधून चार वर्षांपूर्वी रक्त गेले होते, हे लक्षात घेता डॉक्टरांनी बेताचा डोस ठेवला आहे तो मला पटतो. आणि बाबा, उशीखाली ठेवलेली अ‍ॅस्पिरिनची पट्टी कृपा करून आईकडे द्या. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत सुमारे 15,000 रुग्णांवर पाहिले, तेव्हा तिने कोरोनाचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि तुमच्या पोटाला तर ती मुळीच मानवणारी नाही.

आता जे लिहावे की नाही यावर रात्रभर विचार केला, ते लिहिते. एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढलेल्या हेपॅरिनपासून बनवतात. बाबा, तुम्ही माळकरी. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा हे माझ्याकडूनच कळावे. फोंडापॅरिनक्स नावाचे असेच एक औषध पूर्णपणे रासायनिक पद्धतीने तयार होते. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ते चालत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहून तुम्हाला देता येईल का, हे उद्या डॉक्टरांना विचारा. नाही म्हणाले, तर आहे तेच घ्या. पण निर्णय होईपर्यंत एकही डोस चुकवू नका.

डॉक्टरांची परवानगी असेल तर ऑक्सिजनची नळी सांभाळून, आईचा हात धरून खाटेभोवती दोन-चार फेऱ्या माराव्यात. बसल्या बसल्या पायाचे पंजे वर-खाली करावेत. मी शनिवारी सकाळच्या गाडीने पोहोचते. घरी सोडताना हे इंजेक्शन बंद करायचे की पुढे काही गोळी द्यायची, ते मी स्वतः विचारून घेईन.

तुमची,
धाकटी