शोधकथांचे गेम मराठीत का नाहीत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या हातातल्या व्हिडिओ गेमविषयी आलेला लेख वाचला. बंदुका, पैशांच्या पैजा, रात्रीची जागरणे हे सगळे खरे आहे आणि ती काळजी मलाही आहे. पण लेखाने सगळ्याच गेमची एक मोट बांधली आणि त्या मोटेत रहस्याचा छडा लावायचे गेमही गेले. त्यांच्या बाजूने चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी एकतीस वर्षे गोदीत मरीन सर्व्हेअर होतो. इंदिरा गोदीत जहाज लागले आणि माल भिजलेला निघाला की आम्हाला बोलावणे यायचे. साखरेची पोती ओली असली तर पाणी समुद्राचे की पावसाचे, यावर विम्याचा दावा उभा राहायचा किंवा पडायचा. ओल्या तागावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. दुधासारखे पांढरे झाले तर खारे पाणी, म्हणजे लाट आत शिरली. नाही झाले तर बहुधा भर पावसात कोणीतरी हॅच, म्हणजे मालाच्या कोठाराचे झाकण, उघडी ठेवली. मग डागाची कड कुठवर गेली, वरचा थर भिजला की खालचा, हॅचच्या रबराला चीर आहे का, हे बघत बघत जायचे. खलाशी काय सांगतात ते ऐकायचे, पण लिहायचे ते डोळ्यांनी पाहिलेले.

दोन वर्षांपूर्वी नातीने मला 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' हा गेम दाखवला आणि मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो, तो बसलोच. लुकास पोप या गृहस्थाने तो जवळजवळ एकट्याने केला आणि २०१८ साली आणला. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेले व्यापारी जहाज बेपत्ता होते आणि १८०७ मध्ये फाटक्या शिडांनी, माणसांवाचून फाल्मथ बंदरात येऊन लागते. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. म्हणजे माझाच धंदा! हातात साठ जणांची यादी: क्रमांक, नाव, जहाजावरचे काम, मूळ देश. कोणता चेहरा कोणाचा आणि त्याचे काय झाले, हे ठरवायचे. तीन जणांचे बरोबर जमले की मगच गेम ते मान्य करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. एका प्रसंगात झोपायच्या झोळ्यांवर नुसते क्रमांक दिसतात. नातीने ते यादीशी ताडून पाहिले तेव्हा ती अक्षरशः ओरडली. यादीत आपल्याकडचे खलाशीही आहेत. त्यांतले दोघे आजाराने जातात, तिथे आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. प्रेते, रक्त यात आहे, लहान मुलांपुढे ठेवू नये. माझी नात सतरा वर्षांची आहे.

ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, पण गेम इंग्रजीत, म्हणून दर दोन वाक्यांनी ती थांबते आणि 'आजोबा, म्हणजे काय?' विचारते. या जातीच्या गेममध्ये वाक्य हाच पुरावा असतो. वाक्य निसटले की पुरावा निसटला. हा गेम जपानी, कोरियन, चिनी, रशियन भाषांत मिळतो. मराठीत नाही. २०११ च्या जनगणनेत आपण ८ कोटींवर होतो.

आणि मराठीला शब्द कमी पडतील असे कोणी म्हणू नये. बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, आपल्या बंदरात सारंग म्हणत, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, कोठी आणि स्वयंपाक बघणारा भंडारी. डोलकाठी, शीड, नांगर तर पोरासोरांना ठाऊक. त्या जहाजाची निम्मी यादी मराठीत भाषांतर न करताच लिहिता येते.

अडचण व्याकरणाची आहे आणि ती मोठी मजेची आहे. 'द केस ऑफ द गोल्डन आयडल' हा २०२२ चा गेम लॅटव्हियातल्या दोघा भावांनी केला. त्या अख्ख्या देशात २० लाखसुद्धा माणसे नाहीत. चित्रातून शब्द वेचायचे आणि रिकाम्या जागा भरून गुन्हा सांगायचा, असा तो खेळ. मराठीत 'खून केला' म्हणताना क्रियापद खुनाच्या मागे जाते, खुन्याच्या नव्हे. 'त्याने केला', 'तिने केला', केला तोच. पण 'मागच्या दाराने पळाली' असे साक्षीदाराच्या तोंडी घातले की संशय बायकांवरच येऊन थांबला. तिथे भाषांतरकाराला 'कोणीतरी पळताना दिसले' असे वळण घ्यावे लागेल. रिकाम्या जागेपुढे 'ने' जोडायचा तर शब्दाचे सामान्यरूपही सांभाळायला हवे. हे काम भाषा मुरलेल्या माणसाचे आहे, यंत्राच्या हवाली करण्याचे नाही.

दुसरी अडचण लिपीची. गेम तयार करण्याच्या एका यंत्रणेत भाच्याने मला 'किल्ली' हा शब्द टाकून दाखवला. पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली आणि ल्ल चा पाय मोडला. हे दुरुस्त करता येते, फक्त कोणीतरी ते मनावर घ्यायला हवे.

जपानी लोकांनी मनावर घेतले होते. १९८० मध्ये अमेरिकेत 'मिस्टरी हाउस' आला, चित्रे असलेला पहिला साहस-गेम, आणि तो खुनाच्या रहस्याचाच. तीनच वर्षांनी युजी होरी यांनी आपल्या भाषेत, कोबे बंदराच्या परिसरात घडणारी खुनाची कथा रचली आणि एनिक्स या कंपनीने ती प्रकाशित केली. कोबेसारखेच आपले बंदर आहे. भाऊचा धक्का आहे, ससून डॉक आहे, माझगावची जुनी गोदामे आहेत. रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकांच्या पिढ्या आपल्याकडे आहेत, पण आपला असा गेम मला तरी भेटलेला नाही.

मी एका परदेशी प्रकाशकाला मेल पाठवून मराठीबद्दल विचारले. 'या भाषेतून मागणी दिसत नाही' असे दोन ओळींचे उत्तर आले. मागणी दिसण्यासाठी ती कोणी तरी करावी लागते. म्हणून आपल्या वाचकांना विनंती आहे की असे गेम विकत घेणाऱ्यांनी प्रकाशकांना मराठीसाठी जरूर लिहावे. आपणही पुरवणीत एखादे पान या गेमना द्यावे. आणि मराठी प्रकाशकांनी संगणक शिकणाऱ्या पोरांना हाताशी धरून एक तरी छोटा गेम करून पाहावा.

साठपैकी बेचाळीस जणांचा छडा आम्हाला लागला आहे. ती सगळी यादी आणि त्यांच्या तोंडची वाक्ये नातीने दोनशे पानी वहीत मराठीत उतरवली आहेत, मी शब्द तपासले आहेत. कोणी खरोखर भाषांतर करणार असेल, तर ही वही आम्ही आनंदाने त्याच्या हाती देऊ.

आपला,
एक निवृत्त मरीन सर्व्हेअर
मुलुंड (पूर्व), मुंबई