रिकॉलचं पत्र पुण्यात, गाडी अमळनेरात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मे महिन्यातली गोष्ट. आबांनी मार्केट यार्डात आमची ऑटोमॅटिक गाडी थांबवली, गिअर पी (म्हणजे पार्किंग) ला टाकला, इंजिन आणि एसी चालूच (44 डिग्रीत बंद कोण करतं हो) आणि अडत्याकडे पावती आणायला उतरले. चार पावलं गेले असतील तर चहावाला ओरडला, "ओ आबा, गाडी चालनी!" लिव्हर पी वरच होतं पण गाडी आपली उतारावरून हळूहळू मागे निघाली आणि मक्याच्या पोत्यांच्या थप्पीला जाऊन टेकली. पाच मिनिटं आधी त्याच थप्पीला टेकून एक हमाल डबा खात बसला होता. आबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

मिस्त्रीने गाडीखाली शिरून दाखवलं, गिअर केबलच्या टोकाला अंगठीएवढा बुश असतो, त्याचा पार भुगा झालेला. म्हणजे वर लिव्हर पी ला जातं पण खाली गिअरबॉक्सला ते पोचतच नाही, आणि आतली खिट्टी जी दात्यात अडकून चाकं धरून ठेवते ती अडकत नाही. तोच म्हणाला, भो, चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ. टाकला, तर याच बुशसाठी रिकॉल निघालेला, म्हणजे कंपनीनेच दोष मान्य करून गाड्या परत बोलावलेल्या, फुकटात बदलून मिळणार, आणि तो निघून दीड वर्ष झालेलं! पत्र गेलं होतं पहिल्या मालकाला, पुण्याच्या पत्त्यावर. आम्ही गाडी दिवाळीत घेतली, आरटीओत नाव ट्रान्सफर झालं, तेव्हा ना एजंट बोलला ना विकणारा, आणि आरसीवर तर असलं काही लिहिलेलंच नसतं.

आता हे फक्त आमच्यासोबत झालं असं नाही. अमेरिकेत 2022 साली फोर्डने असल्याच केबलच्या बुशसाठी 29 लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. त्याच कंपनीच्या जुन्या गाड्या पी मधून आपोआप रिव्हर्सला जायच्या, माणसं मेली, आणि 1980 मध्ये तिथल्या सरकारने तडजोड काय केली तर सव्वादोन कोटींहून जास्त मालकांना डॅशबोर्डवर लावायचं स्टिकर पाठवायचं, की बाबांनो उतरताना हँडब्रेक ओढा!! आपल्याकडेही 2024 मध्ये ह्युंदाईने 7,698 क्रेटा-व्हर्ना ऑटोमॅटिकच्या ऑइल पंप कंट्रोलरसाठी बोलावल्या. म्हणजे रिकॉल निघतात, तो काही मुद्दा नाही, कंपनी स्वतःहून चूक कबूल करते हे चांगलंच म्हणायचं.

मुद्दा असा की खान्देशात ऑटोमॅटिक गाडी बहुतेक पुण्या-मुंबईहून सेकंडहँड येते, पाच-सहा वर्षं वापरलेली. एप्रिल 2021 पासून आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे, कंपनीला 1 कोटीपर्यंत दंडही आहे, पण तो 7 वर्षांच्या आतल्या गाडीला. म्हणजे आमच्या हातात येईपर्यंत मुदत संपत आलेली असते आणि पत्र भलत्याच्याच दारात पडलेलं असतं. नाव ट्रान्सफर करताना आरटीओ विमा बघते, पीयूसी बघते, मग चेसिस नंबरवर रिकॉल बाकी आहे का एवढं बघून नव्या मालकाला एक एसएमएस टाकायला काय जातं? सगळा डेटा कॉम्प्युटरमध्येच तर आहे.

तोपर्यंत निदान आपल्या पेपरात रिकॉलच्या बातम्या मॉडेल आणि बनावटीच्या महिन्यासकट छापा, पान 9 वर कोपऱ्यात दोन ओळी नको.

आपला,
एक वाचक, अमळनेर

ता.क. स्वस्तातल्या एएमटी (साध्याच गिअरबॉक्सला मशीनने गिअर बदलणाऱ्या) गाड्यांना बहुतेक पी नसतोच, तिथे हँडब्रेकच सगळं काही. आणि आमचा बुश जळगावच्या सर्व्हिस सेंटरला अजून आलेला नाही, आबा मागच्या चाकाला दगड लावतात.