तक्रार: अपडेटनंतर जुने सेव्ह बाद आणि अनडू अर्धवट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला घेतलं. फक्त मजकुरातला, कमांड टाइप करून खेळायचा हा हॉरर गेम तुमचाच आहे, म्हणून तो कसा चालतो ते समजावत बसत नाही. दोन दोष आहेत आणि दोन्ही शेवटच्या अपडेटने आणले.

पहिला सेव्हचा. झेड-मशीनच्या, म्हणजे असे मजकुरी गेम ज्यावर चालतात त्या आभासी संगणकाच्या, सेव्ह फाइलमध्ये स्टोरी फाइलचा (कंपाइल केलेल्या गेमचा) रिलीज नंबर, सीरियल नंबर आणि चेकसम (फाइल तीच आहे ना, हे तपासायचा आकडा) नोंदलेला असतो. ते जुळले नाहीत तर इंटरप्रिटर, म्हणजे स्टोरी फाइल चालवणारा प्रोग्राम, सेव्ह उघडत नाही, आणि उघडूही नये. तुम्ही वर्णनांतल्या स्पेलिंगच्या चुका सुधारल्या, फाइल पुन्हा कंपाइल केली आणि जुनी ॲपमधून काढून टाकली. झालं, सगळे जुने सेव्ह निकामी! जुनी फाइल आत ठेवून, सेव्हमधला रिलीज नंबर बघून जुळणारी फाइल उघडायची, एवढंच करायचं होतं. झेड-मशीनच्या आठव्या आवृत्तीत स्टोरी फाइल फार तर 512 केबीची होते. तेवढी जागा वाचवायला खेळणाऱ्यांची सगळी मेहनत पुसलीत.

दुसरा दोष जास्त वाईट. पडद्यावर वर पात्राची मनःस्थिती दाखवणारी पट्टी आली, तेव्हापासून तो आकडा स्टोरी फाइलच्या बाहेर, ॲपच्या साठवणीत ठेवलेला दिसतो. पडताळून बघा. तळघरात जा, पोथी वाचा, पट्टी एक घर उतरते. अनडू करा. पोथी पुन्हा मिटलेली, चालींची संख्या एकने मागे, पट्टी मात्र उतरलेलीच. रिस्टोअर केलं तरी तेच, रिस्टार्ट केलं तरी तेच. अनडू फक्त झेड-मशीनची मेमरी मागे नेतं, बाहेरच्या आकड्याला हात लावत नाही. पट्टी शून्यावर गेली की दीपगृहातला मंत्र म्हणताच येत नाही. पात्र मरत नाही, गेम संपत नाही, पुढेही जात नाही आणि कारणही सांगत नाही. 1987 च्या ‘द लर्किंग हॉरर’ या मजकुरी गेममध्ये अनडू नव्हतं, कारण तो झेड-मशीनच्या तिसऱ्या आवृत्तीतला गेम आणि अनडूची सोय आली पाचव्या आवृत्तीत. तुमच्याकडे सोय आहे आणि ती अर्धवट चालते. नसण्यापेक्षा हे वाईट, कारण माणूस तिच्या भरवशावर पोथी उघडतो.

आता आजचा फोन. पहिला प्रश्न, “कोणत्या लेव्हलला अडकलात?” या गेममध्ये लेव्हल नाहीत. मग, “ग्राफिक्स सेटिंग कमी करून बघा.” अहो, या गेममध्ये अक्षरांशिवाय काही नाही! स्क्रिप्ट कमांडने काढलेली ट्रान्सक्रिप्ट आधीच पाठवली होती, प्रत्येक कमांड आणि प्रत्येक उत्तर त्यात आहे. ती उघडलेलीही नव्हती. स्क्रीनशॉट पाठवा म्हणाले. मग, “अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका.” त्याने उरलेसुरले सेव्ह पुसले जातात, हे सांगितल्यावर थोडा वेळ शांतता, आणि मग हसत उत्तर आलं, “हॉरर गेम आहे ना, वेड लागणारच. फीचरच आहे ते.”

हे वाक्य तुमच्या कंपनीच्या नावावर बोललं गेलं, म्हणून त्याचं उत्तर तुम्हालाच देणं भाग आहे. या प्रकारच्या भयकथेत हतबल होतं ते पात्र, आपल्या समजेपलीकडच्या एखाद्या अफाट गोष्टीपुढे. खेळणाऱ्याला निदान पडद्यावरचा मजकूर खरा धरता आला पाहिजे, कारण त्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. बिघडलेल्या आकड्यामुळे अडलेला मंत्र आणि कथेने अडवलेला मंत्र यांतला फरक कळेनासा झाला, की भीती उरत नाही, नुसता वैताग उरतो. इतकं सुंदर लिहिलेलं ते बुडालेलं गाव, भरतीच्या तालावर बदलणारी खोल्यांची वर्णनं, आणि त्या मेहनतीची तुमच्याच माणसांना अशी किंमत. याचं वाईट वाटतं.

पट्टीचा आकडा परत स्टोरी फाइलच्या मेमरीत न्या, म्हणजे सेव्ह, रिस्टोअर आणि अनडू तिघांनाही तो आपोआप लागू होईल. जुनी स्टोरी फाइल ॲपमध्ये परत द्या. पुढच्या अपडेटमध्ये हे झालं नाही, तर स्टोअरकडे परतावा मागणार आणि फोनवरचं संभाषण, ट्रान्सक्रिप्ट, सगळं अभिप्रायात जसंच्या तसं टाकणार. तोवर गेम अनइन्स्टॉल करा म्हणून सांगायला पुन्हा फोन करू नका. त्याने सेव्ह पुसले जातात.