शके १९३०च्या पंचांगातले तिकीट

मुलुंड, मुंबई
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ताईकडे तुम्ही दोघे आता रुळला असाल. गिरगावच्या खोल्यांची आवराआवर निम्म्याहून अधिक झाली आहे. देव, पितळी डबे आणि आईचे शिलाई मशीन मुलुंडला आणले. बाबांची पुस्तके खोक्यांत भरून झाली. किल्ल्या द्यायला अजून आठ दिवस आहेत, तेव्हा काळजी नसावी.

हे पत्र मात्र आवराआवरीबद्दल नाही. बाबा, तुमची जुनी पंचांगे वर्षवारीने लावत असताना शके १९३०च्या पंचांगातून कार्तिक महिन्याच्या पानात ठेवलेले एक प्लॅटफॉर्म तिकीट खाली पडले. शाई विटली आहे, पण उजेडाकडे धरले की छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव आणि २६ नोव्हेंबर २००८ ही तारीख स्पष्ट वाचता येते. संध्याकाळी सातनंतरची वेळ आहे. ते हातात धरून मी रिकाम्या कॉटवर किती वेळ बसले होते, ते मला सांगता येणार नाही.

कारण मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला त्या आठवड्यात आई मला फोनवर म्हणाली होती, की आत्या मंगळवारीच मिरजेला गेली आणि बुधवारी तुम्ही दोघे घराबाहेर पडलाच नाहीत. सतरा वर्षे मी तेच खरे धरून चालले. आत्यानेही कधी वेगळे सांगितले नाही आणि आता विचारायला ती राहिलेली नाही.

आम्ही तेव्हा मुन्नारला होतो. तुमची नात चार वर्षांची होती, आणि लग्नानंतर आम्ही घेतलेली ती पहिली मोठी सुट्टी होती. बुधवारी रात्री आम्ही लवकर झोपलो. गुरुवारी सकाळी नाश्त्याला खाली आलो, तर जेवणघरात कोणी बसलेले नव्हते. सगळे टीव्हीसमोर उभे होते आणि ताजच्या घुमटाशेजारून धूर निघत होता. बातम्या मल्याळममध्ये चालू होत्या. माझा चेहरा पाहून तिथल्या वाढप्या मुलाने काही न विचारता एकामागून एक वाहिन्या बदलत हिंदी वाहिनी शोधून दिली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. खाली पट्टीवर ठिकाणांची नावे सरकत होती: सीएसटी, कामा हॉस्पिटल, मेट्रो सिनेमा, गिरगाव चौपाटी. इतरांसाठी ती बातमीतली नावे होती; माझ्यासाठी ती आपल्या घराची वाट होती.

आपल्या घरचा फोन किती वेळ लागत नव्हता. लागला तेव्हा आई, तू पहिले वाक्य बोललीस ते असे: “आम्ही दोघे बरे आहोत, छकुलीला गार पाणी देऊ नकोस.” मग तू सांगितलेस, की रात्री आवाज आले तेव्हा चाळीतल्या पोरांना वाटले, कटकला इंग्लंडविरुद्धचा सामना आपण जिंकला म्हणून कोणी फटाके लावत आहे. मी निघून येते म्हणाले, तर तू म्हणालीस, “येऊन काय करणार आहेस? सुट्टी पुरी करून ये.” बाबांनी रिसीव्हर घेतला आणि तेच सांगितले. तुमचा आवाज रोजच्यासारखाच होता, बाबा. आज मला कळते, की तो तसा ठेवायला तुम्हाला किती कष्ट पडले असतील.

काल संध्याकाळी मी ते तिकीट पाकिटात घालून सीएसएमटीला गेले आणि तिथून घरापर्यंत चालत आले. आत्याला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसवून दिल्यावर तुम्ही नेहमी ज्या रस्त्याने परतायचात, त्याच रस्त्याने. मेल गाड्यांच्या ज्या हॉलमध्ये आत्या गाडी लागेपर्यंत आपल्या बोचक्यावर बसून राहायची, तिथेच त्या रात्री साडेनऊच्या सुमारास कसाब आणि इस्माईल या अतिरेक्यांनी बंदुका चालवल्या आणि स्थानकात ५८ माणसे मेली. गाडी सुटून तेव्हा तासाभराहून थोडा अधिक वेळ झाला असेल. लोकलच्या बाजूला उद्‌घोषणा करणारे विष्णू झेंडे जागचे न हलता लोकांना सुरक्षित वाटेने बाहेर पडायला सांगत राहिले, म्हणून तिथले कितीतरी जण वाचले. काल त्या गर्दीत उद्‌घोषणा ऐकताना मी उगाच थांबले.

पुढे महापालिका, मग कामा हॉस्पिटल. आई, मी तिथेच जन्मले, आणि लहानपणी त्या फाटकावरून जाताना तू दर वेळी मला ते सांगायचीस. त्या रात्री हल्लेखोर आत शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि वीस गरोदर बायकांना एका लहानशा खोलीत सुरक्षित ठेवले. तुझ्यासारख्याच कोणाच्या तरी लेकी त्या. पलीकडच्या रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. त्यानंतर पोलिसांच्याच गाडीतून ते दोघे अतिरेकी मेट्रोच्या चौकात गोळ्या झाडत पुढे निघाले. धोबीतलावच्या ज्या इराण्याकडे थांबून तुम्ही चहा घ्यायचात, तो तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बाबा, तुम्ही त्या संध्याकाळी तिथे थांबला होता का? किती वाजता घरी पोहोचलात? आई गॅलरीत उभी होती का? हे सगळे मला ठाऊकच नाही, आणि मी तुमची मुलगी आहे.

शेवटी मी चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी गेले. तुम्ही रोज सकाळी फिरायला जायचात, तेव्हा तिथे क्षणभर चप्पल काढून उभे राहायचात, हे मी अनेकदा पाहिले होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा माणूस, सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसात आलेला, त्या मध्यरात्री नाकाबंदीत हातात फक्त लाठी असताना त्याने कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि अंगावर गोळ्या झेलूनही ती सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत पकडला गेला. तुमचे चप्पल काढणे हा मला आदराचा साधा संस्कार वाटायचा. त्यामागे आपण त्या रात्री तिथून किती थोडक्यात घरी पोहोचलो ही जाणीवही असेल, हे माझ्या मनात कधी आले नाही.

आता माझे सांगते, कारण तुमच्या तिकिटासारखीच एक वस्तू मीही तुमच्यापासून लपवून ठेवली आहे. त्या गुरुवारी दुपारी छकुली हट्टाला पेटली, म्हणून आम्ही तिला चहाच्या मळ्यात घेऊन गेलो. एका माणसाने आमचा तिघांचा फोटो काढला. माझ्या केसांत अबोली आहे, मी हसते आहे, आणि कोपऱ्यात कॅमेऱ्याने नारिंगी आकड्यांत २७ नोव्हेंबर २००८ ही तारीख उमटवली आहे. त्या घटकेला ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये माणसे अडकलेली होती. परतल्यावर मी मुन्नारचा अल्बम तुम्हाला दाखवला, तेव्हा त्यातून तो एक फोटो काढून ठेवला होता. पोर चार वर्षांची होती आणि तिच्यासाठी हसणे भाग होते, हे मला कळते. तरी तुमचे शहर जळत असताना आपण कुठे उभ्या होतो, हा प्रश्न त्या फोटोकडे पाहिले की आजही मनात येतो.

शुक्रवारी मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये धारातीर्थी पडल्याची बातमी आली. त्यांचे घराणे मूळचे कोळिकोडचे, त्यामुळे त्या हॉटेलात जणू घरातलेच कोणी गेल्यासारखी शांतता पसरली. तोच वाढपी मुलगा माझ्याशेजारी उभा राहून हुंदके देत होता. मला त्याची भाषा येत नव्हती. मी त्याच्या हातातला पेला घेतला आणि आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. शनिवारी सकाळी ताजमधली कारवाई संपली. १६६ माणसे गेली, हा आकडा मला नंतर कळला, पण त्या तीन दिवसांत मला एकच आकडा ठाऊक होता, आपल्या घरच्या फोनचा.

तुम्ही माझ्यापासून लपवलेत याचा मला राग आलेला नाही. माझी सुट्टी नासू नये, लहान लेकरासह मी धावपळ करत परत येऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. पण गेल्या महिन्यात जिन्यावर बाबांना चक्कर आली, ती मला शेजारच्या काकूंकडून कळली. आईच्या डोळ्यांची तपासणी झाली, ती ताईच्या बोलण्यातून कळली. मी फोन करते, तेव्हा दोघेही त्याच २००८च्या आवाजात “आम्ही बरे आहोत” म्हणता. मी आता एकोणपन्नास वर्षांची आहे. मला काळजीपासून वाचवण्याचे दिवस सरले आहेत. तुमची काळजी करू देणे, हेच तुम्ही आता मला द्यावे, एवढे मागणे आहे. पुन्हा मी कुठे लांब असले आणि इकडे काही घडले, तर “ये” म्हणा. मी येईन.

यंदा २६ नोव्हेंबर पुन्हा बुधवारी येतो आहे. त्या दिवशी रजा मिळत नाही, पण शनिवारी सकाळच्या डेक्कन एक्स्प्रेसने मी निघते आहे. छकुलीही येईल म्हणते. त्या दिवसांतले तिला हत्तीखेरीज काहीच आठवत नाही. तिकीट आणि फोटो दोन्ही बरोबर आणते. बाबा, आत्या गाडीत बसल्यापासून तुम्ही घराची कडी लावलीत तिथपर्यंत सगळे सांगा, आणि आई, मधे पडून त्यांना थांबवू नकोस.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, तर पाकिटावरचे नाव ताईला कळवायला सांगावे. इथूनच घेऊन येते.

तुमची,
धाकटी