महापूर लांबून बघताना

संपादक महोदय,

आमच्यासारखे कोल्हापूर-सांगलीकडचे, पण नोकरीपायी पुण्या-मुंबईत नायतर परदेशात बसलेले लोक जुलै-ऑगस्टला मोबाईलवर दोनच आकडे बघत असतात, पुराच्या पाण्याची पातळी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट. कोल्हापुरात धोका पातळी 43, सांगलीत 45, हे घरातल्या पोरांनाही पाठ झालंय! 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे पाण्यात, म्हणजे गाडी काढून निघू म्हटलं तरी रस्ताच नाही, गावात लाईट नाही म्हणून फोन बंद, मग टीव्हीवर तीच ती ड्रोनची क्लिप बघायची आपली गल्ली दिसते का म्हणून. त्यात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटल्याची बातमी. 2021 ला परत तेच.

वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. व्हॉट्सॲपवर जुने व्हिडिओ नवीन म्हणून फिरतात (आणि पाठवणारे आपलेच काका-मामा असतात), आणि चॅनेलवालेही दृश्य कुठलं, किती वाजताचं ते लिहीत नाहीत. पाणी चढतंय की उतरतंय एवढं कळलं तरी जिवात जीव येतो हो. म्हणून विनंती, पूर असेपर्यंत तुमच्या वेबसाईटवर एक साधा तक्ता ठेवा, पातळी, ती कधी मोजली, बंद रस्ते आणि कोयना, राधानगरी आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग चालू आहे (म्हणजे किती पाणी सोडतायत) ते. अलमट्टीच्या उंचीमुळे आपल्याकडे पूर येतो की नाही, यावर भांडायला वर्षभर वेळ आहे.

– एक वाचक, पुणे