देवगिरीच्या अंधारीत माझ्या बापाचा हात मोडला आणि तुमच्याकडे तक्रार 'निकाली' निघाली

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मंत्रिमहोदय, परवा संध्याकाळी हरभऱ्याला पाणी देऊन घरी आलो तर मोबाईलवर संदेश आलेला होता. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' एवढंच. निकाल काय लागला, कुणी लावला, त्याचा एक शब्द नाही. अडीच महिने त्या तक्रारीच्या नंबराची चिठ्ठी मी पाकिटात घेऊन फिरत होतो. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

दिवाळीनंतर सोयाबीन विकलं, चार पैसे हातात आले. लेकरांना सुट्टी होती. दोन दिवस छत्रपती संभाजीनगर आणि देवगिरी बघून यायचं ठरवलं. मी, बायको, दोन लेकरं आणि माझे वडील. अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत. आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. अण्णांनी पंढरपूर, पैठण आणि माझ्या बहिणीचं सासर सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही. तेवीस वर्षं नाथषष्ठीला ते दिंडीबरोबर पैठणला चालत गेले. पण एकनाथ महाराज ज्यांच्या पायाशी राहून शिकले ते जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांचं समाधीस्थान गडावरच आहे, आणि तिथीही तीच, फाल्गुन वद्य षष्ठी. अण्णा म्हणायचे, "लेकराकडं तेवीस खेपा गेलो रे, बापाकडं एकदाबी नाही." ही सहल त्यांच्यासाठीच होती. लेकरांचं निमित्त.

पहिला दिवस चांगला गेला. परभणीहून रेल्वे, दुपारी बीबी का मकबरा, मग पाणचक्की. दुसऱ्या दिवशी सकाळीच गडाच्या दारात उभे राहिलो. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, पिशवीत नारळ आणि बुक्का. महाकोटातून आत गेलो, हत्ती हौद पाहिला, भारतमातेच्या मंदिरात हात जोडले. माझा मुलगा सातवीत आहे. चांदमिनाराखाली उभा राहून त्यानं विचारलं, "बाबा, हे खरंच राजधानी होतं का?" गाईड परवडला नव्हता, मला येतं तेवढं मीच सांगितलं. भिल्लम यादवानं बाराव्या शतकाच्या शेवटी इथं राजधानी केली. १२९६ ला रामदेवरायावर अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. १३२७ ला महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं हलवली आणि दौलताबाद नाव ठेवलं. पोरगं डोळे मोठे करून ऐकत होतं. दिल्लीचा लाल किल्ला त्याला तोंडपाठ आहे. हिंदुस्थानचा कारभार जिथून चालवायचा बेत झाला होता ती जागा आपल्याच मराठवाड्यात आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

खंदक ओलांडला की अंधारी लागते. कातळात कोरलेला वळणावळणाचा जिना. आत वटवाघळं, त्यांची घाण, पायाखाली ओल. माझ्या एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्या हातात अण्णांचा हात. तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्यांना पायरी दिसली नाही. हात सुटला. त्यांचा आवाज आला, "पांडुरंगा!" आणि मग काहीच नाही. माझी मुलगी अंधारात किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे. तो अंधार शत्रूला अडवायला केला होता, मंत्रिमहोदय. माझा बाप कुणाचा शत्रू होता? तिकीट काढून आत गेला होता तो.

जालन्याकडची तीन पोरं मागून येत होती. त्यांनी उपरण्याची झोळी करून अण्णांचा हात बांधला, एकानं पाठीवर घेतलं आणि पाळीपाळीनं खाली आणलं. त्या पोरांची नावंसुद्धा विचारायची राहिली. दारात प्रथमोपचाराची पेटी मागितली. नव्हती. कापसाचा बोळा नव्हता. स्ट्रेचर नाही, खुर्ची नाही, कुणाला फोन लावायचा ते सांगणारं माणूस नाही. खिडकीतून उत्तर आलं, "लेखी तक्रार करा." माझ्या बापाच्या मनगटाचं हाड वाकडं दिसत होतं आणि मला कागद शोधायला सांगत होते. दवाखान्यात प्लेट टाकली. अडतीस हजार रुपये लागले. नऊ क्विंटल सोयाबीन गेलं.

तक्रार केली. एक साहेब म्हणाले, गड केंद्राकडे आहे. दुसरे म्हणाले, पर्यटन राज्याचं आहे, पण गड नाही. तिसऱ्यांनी तिकिटाचा नंबर विचारला, तिकीट अण्णांच्या खिशात होतं, रक्तानं भिजलेलं. तुम्हीही म्हणाल की हा विषय आमच्या अखत्यारीतला नाही. मग 'पर्यटन राजधानी' म्हणून संभाजीनगरचा गाजावाजा कोण करतं? अजिंठा-वेरूळ १९८३ ला जागतिक वारसा झाले, त्याला चाळीस वर्षं उलटली. त्या वाटेवरच्या देवगिरीच्या दारात जखमेवर बांधायला पट्टी का नसावी?

आणि आता बोलायलाच लागलो तर सगळं बोलतो. २०२५ ला बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. मराठवाड्यातला एकही नाही. ती यादी मराठ्यांच्या किल्ल्यांची होती हे मला कळतं. पण उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, ते काय मराठे नव्हते? नळदुर्ग, परांडा, कंधार, औसा, किती नावं घेऊ? मंत्रिमंडळाची बैठक संभाजीनगरला होते, २०१६ ला ४९ हजार कोटींची घोषणा झाली, २०२३ ला ४५ हजार कोटींच्या वरची. बेरीज करा, ९४ हजार कोटी. त्यातून अंधारीत एक दिवा लागू नये? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या तावडीतून सुटलो, पुढं कुठलीही अट न घालता महाराष्ट्रात आलो. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला विकास मंडळ मिळालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आमचा अनुशेष मोजायची तेवढी एक जागा होती. दर १७ सप्टेंबरला तुम्ही झेंडा लावायला येता, आम्ही ऊन सोसत भाषण ऐकतो, आणि तुमच्या गाड्या संध्याकाळच्या आत परत जातात. एकदा तरी थांबा. एकदा गड चढा, म्हाताऱ्या माणसाचा हात धरून चढा.

माझं मागणं मोठं नाही. अंधारीत उजेड, धरायला कठडा, दारात एक पेटी आणि ती वापरता येणारा माणूस, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली. केंद्राशी बोलायचं ते तुम्ही बोला, ते माझं काम नाही. आणि ती तक्रार पुन्हा उघडा. मला अडतीस हजार नको आहेत. निकाली काढणाऱ्या माणसाचं नाव आणि कारण लेखी द्या.

अण्णांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. टाळ धरता येत नाही. यंदा दिंडी त्यांच्याशिवाय निघेल असं भजनी मंडळातल्या लोकांनी हळूच मला सांगितलं, त्यांना अजून सांगितलेलं नाही. नारळ गडावरून तसाच परत आला. तो फोडायचा नाही म्हणून त्यांनी आईला बजावलंय. देवघरात आहे. षष्ठी फाल्गुनात येते, तोवर उत्तराची वाट बघतो.

आपला,
एक शेतकरी,
ता. गंगाखेड, जि. परभणी